खुल्या फोनला कंपास आणि हालचालीचे सेन्सर जोडताना: मुंबईकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

नकाशावरचा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो, तुमचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही. दादरच्या पुलावरून पश्चिमेला उतरल्यावर गर्दीत क्षणभर थांबलात, तर तेव्हा नेमकी हीच माहिती हवी असते. जीपीएस दिशा काढतं ती तुमच्या हालचालीवरून. तुम्ही थांबलात की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही आणि नकाशावरचा बाण भिरभिरायला लागतो. ही उणीव तीन सेन्सर भरून काढतात. मॅग्नेटोमीटर उत्तर दाखवतो, एक्सलरोमीटर फोन किती कललाय ते सांगतो आणि जायरो फोन किती वेगाने वळतोय ते मोजतो.

हे सेन्सर तारांनी जोडणं हे एका दुपारचं काम आहे. खरा वेळ जातो तो सेन्सरभोवतीचं चुंबकीय वातावरण समजून घेण्यात. कंपास चुकतो तेव्हा दोष बहुधा चिपचा नसतो. तिच्या शेजारी स्पीकर असतो, एखादा लोखंडी स्क्रू असतो किंवा पायाखालच्या स्लॅबमधल्या सळ्या असतात. म्हणून या लेखात सोल्डरिंगपेक्षा जागा निवडणं आणि कॅलिब्रेशन (सेन्सरचा दोष मोजून काढून टाकणं) यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी फोनमध्ये काय आहे ते पाहा

खुला फोन म्हणजे ज्यात लिनक्स चालतं आणि जो आतून बदलता येतो असा फोन. २००८ च्या निओ फ्रीरनरमध्ये दोन एक्सलरोमीटर होते, पण कंपास नव्हता. पाइनफोनमध्ये एमपीयू-६०५० ही चिप आहे, म्हणजे एक्सलरोमीटर आणि जायरो एकत्र. मॅग्नेटोमीटरही आहे. लिब्रेम ५ मध्ये तिन्ही सेन्सर आहेत. तेव्हा खरेदीला निघण्याआधी फोनवर टर्मिनल उघडा. सिस फोल्डरमध्ये बस, त्यात आयआयओ, त्यात डिव्हायसेस असा मार्ग धरा आणि प्रत्येक उपकरणाच्या फोल्डरमधली 'नेम' ही फाइल वाचा. लिनक्सने ओळखलेला प्रत्येक सेन्सर तिथे नावानिशी दिसतो.

सगळे सेन्सर दिसत असतील तर खालचा जोडणीचा भाग सोडून थेट कॅलिब्रेशनकडे जा. बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं. बाहेरून सेन्सर लावणं दोन परिस्थितींत योग्य आहे: फोनमध्ये कंपास मुळातच नाही, किंवा आतला कंपास अशा जागी आहे की स्क्रीनचा उजेड वाढवला किंवा चार्जर लावला की दिशा सरकते. पुढच्या पायऱ्या पाइनफोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. आयटूसी बस (चिपा ज्या दोन तारांवरून बोलतात ती वाट) बाहेर काढलेली असलेल्या कुठल्याही खुल्या फोनला त्या लागू पडतील.

खरेदी: लॅमिंग्टन रोडवर काय मागायचं, काय तपासायचं

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला चालत गेलात की लॅमिंग्टन रोड. हालचालीसाठी तिथे जीवाय-५२१ मागा. हा एमपीयू-६०५० बसवलेला, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा छोटा बोर्ड आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक दुकानांत मिळतो. त्याच्यावर स्वतःचा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. आपल्याला तो लागणारच आहे.

कंपास घेताना मात्र जपून. दुकानात 'एचएमसी५८८३एल' म्हणून जीवाय-२७१ बोर्ड हातात दिला जातो, पण त्यावर बहुधा क्यूएमसी५८८३एल ही वेगळीच चिप असते. दिसायला सारखी, आतून वेगळी. खरी एचएमसी आयटूसीवर हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) १ई या पत्त्यावर उत्तर देते आणि तिच्या ओळख-रजिस्टरांत (चिपेच्या आतल्या, ओळख सांगणाऱ्या कप्प्यांत) एच, ४, ३ ही अक्षरं सापडतात. क्यूएमसी ०डी या पत्त्यावर बसते आणि तिची रजिस्टरं वेगळी आहेत, त्यामुळे एचएमसीचा ड्रायव्हर तिच्यावर चालत नाही. चिप वाईट नाही, पण तिच्यासाठी नवशिक्याला ड्रायव्हरची जुळवाजुळव करावी लागते. म्हणून आमची शिफारस एलआयएस३एमडीएल. ती महाग आहे आणि बहुधा ऑनलाइनच मागवावी लागेल, पण लिनक्स कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून आहे. तिचा पत्ता १सी किंवा १ई, एका पिनेवरून ठरतो.

'नऊ अक्षांचा' एमपीयू-९२५० स्वस्तात मिळाला तर हुरळून जाऊ नका. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बोर्डांवर एमपीयू-६५०० असते आणि तिच्यात मॅग्नेटोमीटरच नाही. ओळख-रजिस्टर हेक्स ७५ वाचा. खऱ्या ९२५० कडून ७१ येतं, ६५०० कडून ७० आणि ६०५० कडून ६८.

याशिवाय लागेल ते असं: ३० गेजची इन्सुलेटेड वायर एक-दोन मीटर, कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप, पातळ टोकाची सोल्डरिंग इस्त्री, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मल्टिमीटर आणि दोन-तीन नायलॉन किंवा पितळी स्क्रू. बोर्डाबरोबर येणाऱ्या हेडर पिना लावू नका. त्या कव्हरखाली मावत नाहीत, आणि स्वस्तातल्या पिना कधी कधी लोखंडी निघतात. मॅग्नेटोमीटरपासून दोन मिलिमीटरवर लोखंड ठेवून कंपासकडून खरेपणाची अपेक्षा करता येत नाही. पिना, स्क्रू, चिमटा यांपैकी काय चुंबकाला चिकटतं ते बघून घ्या, पण सेन्सरपासून दूर, दुसऱ्या खोलीत.

फोनला हात लावण्याआधी टेबलावर चाचणी

नवा बोर्ड थेट फोनला जोडू नका. रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स संगणक) असेल तर आधी त्यावर तपासा. पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर डेटा, ५ वर क्लॉक आणि ६ वर ग्राउंड. दोन्ही बोर्ड याच चार तारांवर समांतर जोडायचे. आयटूसी-टूल्स हे पॅकेज बसवा आणि आयटूसी-डिटेक्ट ही कमांड १ क्रमांकाच्या बसवर चालवा. तक्त्यात ६८, आणि १सी किंवा १ई, असे दोन पत्ते दिसले पाहिजेत.

काहीच दिसलं नाही तर जीवाय-५२१ वर तारा एक्सडीए-एक्ससीएल या भोकांत तर नाहीत ना ते पाहा. ती भोकं दुसऱ्या, जोड-बससाठी असतात. आपल्याला एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) हवेत. नवशिक्यांची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. सगळेच पत्ते भरलेले दिसले किंवा कमांड कासवगतीने सरकली, तर डेटाची तार कुठेतरी ग्राउंडला टेकते आहे किंवा पुल-अप रेझिस्टर (तारांचं व्होल्टेज एरवी वर धरून ठेवणारे) नाहीत. एमपीयू-६०५० दिसते पण सगळे आकडे शून्य, तर ती झोपलेली आहे. वीज लागल्यावर ही चिप झोपेतच उठते, आणि हेक्स ६बी या रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं की जागी होते. लिनक्सचा ड्रायव्हर हे काम स्वतः करतो.

जागा शोधणं: इथे घाई नको

आधी थोडे आकडे. मुंबईत पृथ्वीचं एकूण चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. त्यातला आडवा भाग, म्हणजे कंपासला ज्यावरून दिशा कळते तो, ३८ च्या आसपास. बाकीचा जमिनीत खाली जातो, कारण क्षेत्राची रेषा इथे क्षितिजाखाली साधारण २६ अंश झुकलेली आहे. हे आकडे लिहून ठेवा, पुढे प्रत्येक तपासणीत लागतील.

आता फोन. सरळ तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्यापासून १ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याच्या जवळपास. चार्जिंगच्या वेळी बॅटरीच्या तारांतून असाच प्रवाह वाहतो. स्पीकर, इअरपीस आणि थरथरणारी मोटर यांच्यात कायमचे चुंबक असतात. यातून एक साधा नियम निघतो: कायम सारखा राहणारा दोष गणिताने काढता येतो, बदलत राहणारा दोष काढता येत नाही. स्पीकरचा चुंबक रोज तेवढाच असतो, त्याला वजा करता येतं. चार्जिंगचा प्रवाह दर मिनिटाला बदलतो. म्हणून स्पीकरपासून लांब जाण्यापेक्षा बॅटरी आणि यूएसबी यांच्या वाटेपासून लांब जाणं जास्त महत्त्वाचं.

जागा शोधण्याची पद्धत अशी. मॅग्नेटोमीटर फुटभर तारांनी रास्पबेरी पायला जोडून प्लास्टिकच्या स्टुलावर टेपने घट्ट चिकटवा. लोखंडी टेबल नको, आणि खिळे ठोकलेलं लाकडीही नको. फोनच्या मागच्या बाजूला एक सेंटिमीटर चौकटींचा कागद लावा. आता सेन्सर न हलवता फोन सेन्सरजवळ आणा, एकेक चौकट समोर येईल असा सरकवा आणि तिन्ही अक्षांचे आकडे नोंदवा. फोनची दिशा बदलू देऊ नका. सेन्सर हलवलात तर तो थोडा वळतो, आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा बदल फोनच्या बदलात मिसळतो. म्हणून सेन्सर स्थिर ठेवून फोन फिरवायचा.

प्रत्येक आशादायक चौकटीवर चार अवस्था तपासा: स्क्रीन बंद, स्क्रीन पूर्ण उजेडावर, कॉल चालू, चार्जर लावलेला. स्क्रीन बंद असतानाचा आकडा दोनशे असला तरी चालेल, कारण एलआयएस३एमडीएलचा सर्वांत लहान पल्लाही ४०० मायक्रोटेस्लापर्यंत जातो. पण अवस्था बदलल्यावर आकडा १ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त हलायला नको. १ मायक्रोटेस्ला आडवा सरकला की दिशा सुमारे दीड अंशाने सरकते, ५ सरकले तर सात अंशांनी. सर्वांत कमी हलणारी चौकट ती आपली जागा.

चुंबकाची झडप असलेलं फ्लिप कव्हर वापरत असाल तर ते आजच काढून ठेवा. ती झडप उघडी आहे की बंद, यावर तुमचं उत्तर ठरेल.

तारा जोडणं

पाइनफोनच्या मागच्या झाकणाखाली सहा पोगो (स्प्रिंगवर दबणाऱ्या) पिना आहेत. त्यांत आयटूसीच्या दोन, इंटरप्टची एक, ग्राउंड आणि विजेच्या पिना येतात. कुठली पिन कुठली हे तुमच्या आवृत्तीच्या स्किमॅटिकवरून (जोडणीच्या आराखड्यावरून) पाहा आणि मल्टिमीटरने खात्री करा. फोन चालू असताना डेटा आणि क्लॉक या दोन्ही पिना ग्राउंडच्या तुलनेत ३.३ व्होल्टच्या आसपास दिसायला हव्यात. दुसऱ्या एखाद्या फोनवर १.८ दिसले तर मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेज जुळवणारा बोर्ड) लागेल.

पोगो पिनांना थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतली स्प्रिंग बसते. तांब्याचे टिकले असलेली पीसीबीची पातळ पट्टी कापून ती पिनांवर दाबून बसेल अशी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि तारा त्या पट्टीला लावा. मूळ झाकणात दोन बोर्ड मावत नाहीत, थोडं फुगीर झाकण थ्री-डी प्रिंट करून घ्यावं लागतं.

वीज बॅटरीच्या पिनेवरून घ्यायची. तिथे चार्जनुसार ४.२ व्होल्टपर्यंत ताण येतो आणि एमपीयू-६०५० ला ३.४६ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणून तार बोर्डाच्या व्हीसीसी भोकातच लावा, म्हणजे ती रेग्युलेटरमधून जाईल. मॅग्नेटोमीटरच्या बोर्डावर रेग्युलेटर नसेल तर त्याला जीवाय-५२१ च्या रेग्युलेटरचा ३.३ व्होल्ट द्या.

बोर्डांवर आणखी दोन गोष्टी करायच्या आहेत. पहिली, बोर्डावरचे पुल-अप रेझिस्टर काढा. फोन बंद असतानाही बॅटरीची पिन बोर्डाला वीज देत राहते, आणि ती पुल-अपमधून उलट्या वाटेने बंद प्रोसेसरच्या पिनांत शिरते. त्याने फोन कधी धड बंद होत नाही, कधी चालू होताना अडकतो. फोनचे स्वतःचे पुल-अप पुरेसे आहेत. दुसरी, बोर्डावरची विजेची छोटी एलईडी काढा. ती दोन मिलिअँपिअर घेते असं धरलं तरी दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास होतात, तेही झाकणाखाली, कुणाला न दिसणाऱ्या उजेडासाठी.

वीज आणि ग्राउंड यांच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी आले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. तारा दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत ठेवा. बॅटरी बाहेर काढूनच काम करा, आधी ग्राउंड जोडा आणि वीज सर्वांत शेवटी. बॅटरी घालण्याआधी वीज आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते मल्टिमीटरने पाहा. दोन्ही बोर्ड एकाच ताठ पट्टीवर, कडा समांतर ठेवून बसवा. एक्सलरोमीटर आणि कंपास यांच्यात तीन अंशांचा तिरपेपणा राहिला तर तो प्रत्येक मोजणीत येत राहतो.

मुंबईच्या हवेबद्दलही इथेच सांगायला हवं. पावसाळ्यात आणि समुद्रालगतच्या घरांत सोल्डरच्या टाक्यावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो, तांबं हिरवं पडतं आणि बस अधूनमधून गप्प होते. टाके आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या, मग कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) पातळ हात फिरवा. उंचीसाठी दाबमापक (त्याबद्दल पुढे) लावणार असाल तर त्याच्या डोक्यावरचं बारीक भोक कोटिंगपासून वाचवा.

सॉफ्टवेअर

आयटूसी-डिटेक्ट यादीच्या पर्यायासह चालवलं की फोनवरच्या सगळ्या बस दिसतात. पोगो पिनांची बस बहुतेक वेळा २ क्रमांकाची असते, पण कर्नल बदलला की क्रमांक बदलू शकतो, म्हणून दर वेळी यादीतून खात्री करा. पाइनफोनच्या आतली एमपीयूही ६८ वरच बसलेली आहे. तिची बस वेगळी असल्याने आपल्या चिपेशी तिचं भांडण होत नाही. तक्त्यात पत्त्याऐवजी 'यूयू' दिसलं तर घाबरू नका, त्या चिपेचा ताबा ड्रायव्हरने घेतला आहे एवढाच त्याचा अर्थ.

चाचणीपुरतं उपकरण हाताने नोंदवता येतं. बसच्या फोल्डरमध्ये 'न्यू डिव्हाइस' नावाची फाइल असते. तिच्यात चिपेचं नाव आणि पत्ता लिहिला की ड्रायव्हर जागा होतो आणि आयआयओच्या यादीत नवं नाव येतं. ही नोंद रीबूटबरोबर जाते. सगळं जमल्यावर तीच माहिती डिव्हाइस ट्री ओव्हरलेमध्ये (सुरू होताना लिनक्सला हार्डवेअरची यादी देणाऱ्या फाइलमध्ये) टाका. तोपर्यंत हाताने लिहिलेलं बरं, चूक झाली तर फोन निदान सुरू तरी होतो.

आता एकके. कच्च्या आकड्याला त्याच फोल्डरमधल्या 'स्केल'ने गुणा. मग एक्सलरोमीटर मीटर प्रति सेकंद वर्ग देतो, जायरो रेडियन प्रति सेकंद आणि मॅग्नेटोमीटर गाउस. १ गाउस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. म्हणून मुंबईत तिन्ही अक्षांचं मिळून एकूण ०.४३ दिसलं तर सेन्सर ठीक आहे.

बरेच जण इथे आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सीवर (सेन्सरची माहिती इतर प्रोग्रामांना पुरवणाऱ्या सेवेवर) विसंबतात. स्क्रीन फिरवण्यासाठी ती उत्तम आहे, पण कच्च्या मॅग्नेटोमीटरवरून दिशा ती काढून देत नाही. ते गणित तुमच्या छोट्या पायथन प्रोग्रामला करावं लागेल.

अक्ष तपासण्याची सोपी परीक्षा आहे. फोन पाठीवर सपाट ठेवा. स्क्रीनमधून वर जाणाऱ्या अक्षावर एक्सलरोमीटरने अधिक ९.८ दाखवावं. तोच अक्ष मॅग्नेटोमीटरवर, कॅलिब्रेशननंतर, उणे १९ च्या आसपास असला पाहिजे, कारण इथे क्षेत्र जमिनीत शिरतं. फोन पालथा केला की दोन्ही चिन्हं उलटतात. तसं झालं नाही तर एका चिपेचा अक्ष उलटा आहे, आणि तो आत्ताच सुधारा. पुढे फिल्टरमध्ये ही चूक सापडत नाही, फक्त बाण वळताना उलटा पळतो.

कॅलिब्रेशन

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथली वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. आपल्या कामालाही तीच शहाणीव लागू होते. कॅलिब्रेशन घरात करू नका. आरसीसी इमारतीत पायाखाली, डोक्यावर आणि खांबांत सळ्या असतात, आणि खोलीतल्या खोलीत दोन पावलं सरकलात तरी दिशा बदलते.

शिवाजी पार्कसारख्या मैदानाचा मधला भाग किंवा दादर चौपाटीची वाळू चांगली. उभ्या गाड्या, कुंपणं, दिव्याचे खांब आणि गटारांची झाकणं यांच्यापासून निदान दहा पावलं दूर. घड्याळ, कडं, किल्ल्या आणि इअरफोन पिशवीत, आणि पिशवी बाजूला. फोन मात्र रोजच्या रूपातच हवा: झाकण, सिम, बॅटरी, नेहमीचं कव्हर, स्क्रीन चालू.

आकडे नोंदवायला सुरुवात करून फोन दीड मिनिट सावकाश सगळ्या बाजूंनी फिरवा, म्हणजे त्याची प्रत्येक कड एकदा तरी आकाशाकडे, जमिनीकडे आणि चारही दिशांना गेली पाहिजे. हजारभर बिंदू जमतील. प्रत्येक अक्षाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घ्या. त्यांची सरासरी म्हणजे त्या अक्षाचा कायमचा दोष, तो वजा करा. दोघांच्या फरकाचा निम्मा भाग तिन्ही अक्षांवर सारखा यायला हवा. नसेल तर जवळच्या लोखंडाने क्षेत्र ताणलं आहे, आणि प्रत्येक अक्षाला योग्य गुणक लावा. हे पुरेसं न वाटल्यास पूर्ण लंबगोल बसवण्याची पद्धत वापरा, पायथनमध्ये ती काही ओळींचं काम आहे.

कॅलिब्रेशन जमलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. सुधारलेल्या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. फोन कसाही धरला तरी उत्तर ४३ च्या एक-दोन मायक्रोटेस्ला अलीकडे-पलीकडे राहिलं पाहिजे. ३५ ते ५० असं डोलत असेल तर पुन्हा करा.

जायरोचा शून्य-दोष वेगळा काढायचा. फोन दहा सेकंद हलू न देता ठेवा आणि सरासरी वजा करा. एमपीयू-६०५० मध्ये हा दोष सेकंदाला २० अंशांपर्यंत असू शकतो, हे तिच्या डेटाशीटमध्येच आहे. चिप तापली की तो बदलतो, म्हणून फोन गरम झाल्यावर हेच पुन्हा करा.

तिन्ही एकत्र आणणं

कललेल्या फोनचं मॅग्नेटोमीटर वाचन आधी एक्सलरोमीटरच्या मदतीने आडव्या पातळीवर आणावं लागतं. हे टाळलंत आणि उत्तरेकडे तोंड करून फोन २० अंश एका कुशीला कलवलात, तर मुंबईत सुमारे १० अंशांची चूक येते. मग जायरो आणि कंपास मिसळायचे. सोपा मार्ग म्हणजे कॉम्प्लिमेंटरी फिल्टर. सेकंदाला ५० वेळा, जायरोने सांगितलेल्या नव्या दिशेला ०.९८ वजन आणि कंपासच्या दिशेला ०.०२. याचा अर्थ फिल्टर कंपासचं म्हणणं साधारण एका सेकंदात मान्य करतो. शहरासाठी हे फार घाईचं आहे. ०.९९८ आणि ०.००२ ठेवा, म्हणजे दहा सेकंद मिळतात आणि बाजूने गेलेली बस बाणाला ओढत नाही. मिसळताना ३५९ आणि १ यांची सरासरी १८० येऊ देऊ नका. दोन दिशांमधला फरक नेहमी उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणूनच पुढे जा.

आणि सर्वांत उपयोगी ओळ: एकूण क्षेत्र ४३ पासून पाचपेक्षा जास्त हटलं किंवा झुकाव २६ अंशांपासून आठ-दहा अंश सरकला, तर कंपासचं वजन तात्पुरतं शून्य करा आणि फक्त जायरोवर चाला. चांगला कंपास म्हणजे कधी गप्प बसायचं हे कळणारा कंपास. लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, लोखंडी पादचारी पुलावर आणि स्कायवॉकवर तो गप्पच बसला पाहिजे.

लोकलची ओव्हरहेड तार आता सगळीकडे २५ हजार व्होल्टची एसी आहे. जुनी १५०० व्होल्टची डीसी २०१६ पर्यंत पूर्ण गेली. एसीचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, म्हणून सरासरीत ते पुसलं जातं, पण वाचण्याचा वेग चुकीचा निवडला तर नाही. सेकंदाला १० वेळा वाचलंत तर दर वेळी लाटेच्या त्याच जागी वाचन होतं, आणि ती थरथर स्थिर दोष म्हणून दिसू शकते. ४० किंवा ८० वर वाचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाची सरासरी घ्या.

वेगाने जाताना कंपासचा आग्रह सोडा. वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला की जीपीएसची दिशा घ्या, खाली आला की कंपासची. बदल एकदम नको, दोन-तीन सेकंदांत सावकाश होऊ द्या.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मुंबईत एका अंशाच्या आत आहे. प्रोग्राममध्ये त्यासाठी जागा ठेवा, पण बाण वीस अंश चुकत असताना त्याला दोष देऊ नका.

उड्डाणपुलांसाठी बीएमपी२८० हा दाबमापक त्याच चार तारांवर बसतो, पत्ता ७६ किंवा ७७. समुद्रसपाटीला एक मीटर चढलं की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. जेजे पुलावर चढलात की खालच्या मोहम्मद अली रोडवरच राहिलात, हे जीपीएसला कळत नाही, या सेन्सरला कळतं. मात्र हवामानाने दाब दिवसभर हलतो, म्हणून गेल्या मिनिटभरातला फरकच वापरा, उंचीचा आकडा नको.

शेवटची परीक्षा

दादर चौपाटीवर वाळूत उभे राहा आणि सागरी सेतूचा मनोरा पाहा. ओपनस्ट्रीटमॅपवर तुमच्या जागेपासून त्या मनोऱ्यापर्यंतचा कोन मोजून ठेवा. फोन तिकडे रोखा, आकडा टिपा. मग फोन दोन्ही कुशींना कलवून, चार्जिंग बँक लावून आणि कॉल चालू ठेवून तेच करा. सगळे आकडे पाच अंशांच्या आत राहिले तर जोडणी चांगली जमली. सपाट धरल्यावर बरोबर आणि कलवल्यावर चूक, तर अक्षांची चिन्हं पाहा. एका दिशेला बरोबर आणि विरुद्ध दिशेला चूक, तर कायमचा दोष नीट वजा झालेला नाही. फक्त चार्जर लावल्यावर चूक, तर जागा बदलावी लागेल, कॅलिब्रेशन कितीही केलं तरी ती जाणार नाही.

बॅटरी किंवा कव्हर बदललं, फोन एखाद्या चुंबकी होल्डरवर राहून आला किंवा स्क्रीन दुरुस्त झाली, की मैदानावरचं दीड मिनिट पुन्हा करा. जुने आकडे तारखेसह जपून ठेवा, दोष एकदम पन्नासने बदललेला दिसला तर जवळ काहीतरी चुंबकलं आहे हे लगेच कळेल.